ध्यान निघालं जपानला

मुलांनो, आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द काही अवघड नाही. दिवसातून दोन-चार वेळा तरी तो तुमच्या कानावर पडतोच.

सकाळी आजी म्हणते, "छत्री शाळेत विसरू नकोस, ध्यानात ठेव." वर्गात कुणी खिडकीबाहेर बघत बसलं, की बाई विचारतात, "ध्यान कुठंय तुझं?" एखाद्या रविवारी ध्यानीमनी नसताना मामा दारात उभे राहतात. आणि केस पिंजारलेले, सदरा उलटा घातलेला, एका पायात चप्पल अशा थाटात तुम्ही बाहेर आलात, तर ताई कपाळाला हात लावून म्हणते, "काय ध्यान आहे!"

शब्द एकच, पण काम किती वेगवेगळं! कुठं आठवण, कुठं लक्ष, कुठं मन, तर कुठं चक्क विचित्र दिसणारा माणूस. शिवाय डोळे मिटून शांत बसणं हा ध्यानाचा मूळ अर्थ आहेच.

आता गंमत ऐका. हाच शब्द जपानमध्येही आहे. तिथं तो चीनमधून गेला आणि चीनमध्ये तो आपल्या देशातून गेला. जाताना त्याचं रूप इतकं पालटलं, की १९९३ साली तो एका मोटारीवर बसून आपल्या रस्त्यांवर परत आला, तरी बहुतेकांना त्याची ओळख पटली नाही. ती मोटार म्हणजे 'मारुती झेन'. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना ती नक्की आठवेल.

'झेन' म्हणजे आपलं 'ध्यान'! कसं काय बुवा? चला, या शब्दाचं बोट धरून आपणही थोडी पायपीट करू.

डोंगरातली शांत खोली

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करू या. मुंबई-आग्रा रस्त्यालगत पांडवलेण्यांचा डोंगर आहे. नाशिकची बहुतेक मुलं सहलीला तिथं गेलेली असतात. नावात पांडव असले, तरी ही लेणी पांडवांनी कोरलेली नाहीत. ती आहेत बौद्ध भिक्खूंसाठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेली. एकूण २४ लेणी आहेत. सातवाहन राजे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, व्यापारी, अशा अनेकांनी त्यासाठी दान दिलं आणि तसं दगडावर लिहूनही ठेवलं.

उषवदाताचा एक लेख तर वाचण्यासारखा आहे. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे मिळून ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २,००० नाण्यांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. बँकेतली मुदत ठेवच म्हणा ना! गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला आहे.

त्या लेण्यांमधल्या लहान लहान खोल्या आठवतात? आत शिरलं की गार वाटतं. बाहेरचा आवाज एकदम कमी होतो. अशा खोल्यांत भिक्खू राहायचे, अभ्यास करायचे आणि ध्यान करायचे. पावसाळ्याचे दिवस बाहेर हिंडण्याचे नसत, तेव्हा तर मुक्काम इथंच.

आता एक प्रश्न. हे लोक 'ध्यान' हा शब्द कसा उच्चारत असतील?

सांज, माजघर आणि झान

'ध्यान' हा झाला संस्कृत शब्द. पण त्या काळी लोकांच्या तोंडी होत्या प्राकृत बोली. आपली मराठीसुद्धा एका प्राकृतातूनच वाढली. लेण्यांमधले बहुतेक लेख प्राकृतातच आहेत. या डोंगराचं संस्कृत नाव 'त्रिरश्मी'. लेखांमध्ये मात्र त्याचं 'तिरण्हु' असंही रूप दिसतं. बोलता बोलता जोडाक्षरं अशी झिजतात. नदीतला दगड घरंगळत जातो आणि गुळगुळीत होतो ना, अगदी तसं.

या झिजण्याला काहीतरी नियम असतो, बरं का! प्राकृतात 'ध्य'चा बऱ्याचदा 'झ' किंवा 'ज्झ' व्हायचा. ओळखीची उदाहरणं घ्या. 'संध्या'चं झालं 'संझा' आणि पुढे मराठीत 'सांज'. 'मध्य'चं झालं 'मज्झ', म्हणून घराच्या मधल्या भागाला आपण म्हणतो 'माजघर'. 'उपाध्याय' या शब्दापासून 'ओझा' हे आडनाव आलं, तेही याच वाटेनं.

मग 'ध्यान'चं काय होईल? पाटी-पेन्सिल घ्या आणि करून पाहा. 'ध्य'च्या जागी 'झ'. झालं 'झान'!

बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत हा शब्द 'झान' असाच आहे. तेव्हा लक्षात आलं ना? निम्मा प्रवास तर इथंच, आपल्या लोकांच्या जिभेवर झाला. पुढे जगभर फिरला तो कडक इस्त्रीचा 'ध्यान' नव्हे, तर त्याचं हे रोजच्या वापरानं मऊ झालेलं रूप.

चिनी कानांना काय ऐकू आलं?

भारतातून उत्तरेकडे, मध्य आशियातल्या वाळवंटांना वळसा घालत चीनकडे व्यापाराच्या वाटा जात. त्या वाटांवरून रेशीम, घोडे, औषधं जात-येत असत. त्यांच्याबरोबर भिक्खू निघाले आणि पोथ्याही निघाल्या.

इ. स. १४८ मध्ये आन शि-काव नावाचा एक भिक्खू चीनमधल्या लोयांग या राजधानीत पोचला. तो मूळचा इराणच्या बाजूचा, पार्थियाचा. त्यानं ध्यानाविषयीचे ग्रंथ चिनी भाषेत आणले. त्यातला एक आहे श्वासाकडे लक्ष देण्याबद्दलचा. त्याला म्हणतात 'आनापान'. हा शब्द तुम्हाला नवा नसेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये 'मित्र उपक्रमा'त मुलं आनापान शिकली आहेत आणि आपल्या जिल्ह्यातल्या इगतपुरीला विपश्यनेचं मोठं केंद्रही आहे. आन शि-कावच्या त्या जुन्या चिनी पोथीच्या नावात 'आनापान'चं झालंय 'आन-पान'!

पण परक्या भाषेतला शब्द चिनी लिपीत लिहायचा, म्हणजे पंचाईत. आपल्याकडे क, ख, ग अशी अक्षरं आहेत. ऐकलं तसं लिहिलं, संपलं. चिनी लिपीत अशी मुळाक्षरं नाहीत. तिथं प्रत्येक चिन्हाचा स्वतःचा एक उच्चार आणि बहुधा स्वतःचा एक अर्थ असतो. मग काय करायचं? परक्या शब्दासारखी ऐकू येणारी चिन्हं शोधायची आणि ती शेजारी शेजारी मांडायची.

याचा एक नमुना आपल्याच घरचा आहे. ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी इ. स. ६२९ मध्ये चीनहून निघाला आणि ६४५ मध्ये परत पोचला. या प्रवासात तो महाराष्ट्रातही आला होता. आपल्या प्रदेशाचं नाव त्यानं कसं लिहिलं असेल? 'मो-हो-ला-छा'! आणि त्या वेळचा आपला राजा दुसरा पुलकेशी? 'पु-लो-कि-शे'! वाचून हसू येतं खरं. पण आपण तरी कुठं त्याचं नाव त्याच्यासारखं उच्चारतो? कुणी ह्युएन त्संग म्हणतं, कुणी युआन च्वांग. तो ऐकता तर पोट धरून हसला असता.

तर 'झान' लिहायला चिनी पंडितांनी दोन चिन्हं घेतली. त्यांचा आजचा चिनी उच्चार 'छान-ना' असा काहीसा होतो. त्यातलं पहिलं चिन्ह फार जुनं आहे. त्याच्या डाव्या भागाचा संबंध देवाच्या वेदीशी आहे आणि उजवा भाग उच्चार दाखवतो. पूर्वी हे चिन्ह सम्राटानं करायच्या एका मोठ्या पूजाविधीसाठी वापरत. त्याला आता ध्यानाच्या कामाला लावलं. काही काळानं शेवटचा 'ना' गळून गेला आणि उरलं फक्त 'छान'.

म्हणजे आपण "छान!" म्हणतो तो शब्द चिनी की काय? छे, मुळीच नाही. हा नुसता योगायोग. शब्दांचे नातेवाईक शोधताना हे ध्यानात ठेवायला हवं. सारखे ऐकू येणारे सगळेच काही एका घरचे नसतात. 'छान' आणि 'छान' एकमेकांचे कोणी नाहीत. पण 'ध्यान' आणि 'झेन' कानाला इतके वेगळे, तरी एकाच आजीची नातवंडं!

पाणी भरणं हेसुद्धा ध्यान

चीनमध्ये शब्दाचा उच्चार बदलला, तसा अर्थही वाढला. ध्यानाला महत्त्व देणारा एक पंथच तिथं उभा राहिला. त्याचं नावही तेच. बोधिधर्म नावाच्या भारतातून आलेल्या भिक्खूनं तो सुरू केला, असं परंपरा सांगते. तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला होता, अशी त्याची आख्यायिका आहे.

आपल्याकडे भिक्खू भिक्षेवर राहत. चीनमधल्या या पंथाच्या मठांत मात्र भिक्खू शेतात राबू लागले. आठव्या-नवव्या शतकातल्या पाय-चांग या गुरूंचा नियम सांगतात, की ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी जेवण नाही. म्हातारपणी शिष्यांनी त्यांची अवजारं लपवून ठेवली, तर त्यांनी जेवायलाच नकार दिला म्हणे! विहिरीचं पाणी भरणं, लाकडं फोडणं, अंगण झाडणं हेसुद्धा मन लावून केलं, तर ते ध्यानच, असं ही मंडळी मानू लागली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संत सावता माळी मळ्यात, संत गोरा कुंभार चाकावर. त्यांनीही कामातच देव पाहिला. देश वेगळे, काळ वेगळा, पण माणसाला सुचतं ते किती मिळतंजुळतं!

बोटीवरचा मुलगा आणि म्हातारा आचारी

चीनमधून हा शब्द समुद्र ओलांडून जपानला गेला. जपानी लोकांनी चिनी लिपी घेतली आणि तिच्यासोबत हजारो चिनी शब्दही घेतले. त्यांतच हाही गेला. त्या जुन्या काळी चीनमध्ये त्याची सुरुवात 'ज'सारख्या आवाजानं होत असे. पुढे चीनमध्ये त्या 'ज'चा 'छ' झाला. जपान्यांनी मात्र जुना आवाज आपल्या पद्धतीनं सांभाळला, म्हणून तिथं तो झाला 'झेन'. कोरियात तो 'सॉन' झाला, व्हिएतनाममध्ये 'थिएन'. एका बीजाची किती रोपं!

जपानमध्ये झेन पंथ रुजवणाऱ्यांत दोन नावं मोठी आहेत, एइसाइ आणि दोगेन. एइसाइ ११९१ साली चीनहून परतला. त्याच्याविषयी पुढे सांगते. आधी दोगेनची गोष्ट.

१२२३ साली दोगेन चीनच्या बंदरात पोचला. तेव्हा त्याचं वय जेमतेम तेविशीचं. अजून बोटीवरच मुक्काम होता. एक दिवस साठी उलटलेला एक चिनी भिक्खू तिथं आला. तो एका मठातला आचारी होता. मठात सणाचा दिवस जवळ आलेला आणि सगळ्यांना काहीतरी चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, म्हणून जपानी बोटीवर अळंबी विकत घ्यायला तो कितीतरी मैल चालत आला होता. त्याच्या मठाचं नाव आ-यु-वांग. 'वांग' म्हणजे राजा. आणि 'आ-यु' म्हणजे कोण असेल? आपला सम्राट अशोक!

दोगेनला त्याच्याशी बोलावंसं वाटलं. तो म्हणाला, रात्र इथंच काढा की. आचारी म्हणाला, छे, उद्याचा स्वयंपाक कोण करणार? दोगेनला नवल वाटलं. त्यानं विचारलं, एवढ्या वयात ध्यानाला बसायचं, ग्रंथ वाचायचे, ते सोडून तुम्ही स्वयंपाकघरात का कष्ट करता? त्यावर म्हातारा मोठ्यानं हसला. साधना म्हणजे काय, हे तुला अजून कळलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि अंधार पडायच्या आत अळंबीची पिशवी घेऊन चालू लागला.

ही भेट दोगेन कधीही विसरला नाही. जपानला परतल्यावर त्यानं १२३७ साली मठातल्या आचाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तकच लिहिलं. तांदूळ निवडताना खडे नीट पाहावेत, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये, भाजी साधी असो की भारी, मन तेवढंच लावावं, अशा गोष्टी त्यात आहेत. आई किंवा आजी परातीत तांदूळ निवडत बसलेली तुम्ही पाहिली असेल. दोगेनच्या हिशेबानं ते ध्यानच चाललेलं असतं.

हळूहळू 'झेन' जपानी माणसाच्या रोजच्या बोलण्यात शिरला. बसून केलेल्या ध्यानाला तिथं 'झाझेन' म्हणतात. त्यातल्या 'झा'चा अर्थ बसणं. झेन गुरू-शिष्यांची प्रश्नोत्तरं फार कोड्यात टाकणारी असतात. त्यांना म्हणतात 'झेन मोंदो'. आणि आज दोन माणसं असं काही बोलू लागली, की ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, तर जपानी माणूस म्हणतो, हे तर झेन मोंदो चाललंय! पाहिलंत? आपण जसं ध्यानाला गमतीत ओढलं, तसंच त्यांनीही ओढलं.

आणि तो नऊ वर्षं बसलेला बोधिधर्म? जपानमध्ये त्याची बाहुली झाली. नाव 'दारुमा', म्हणजे 'धर्म'! लाल, गोलमटोल, हात-पाय नसलेली. बुडाला जड असल्यानं कितीही पाडली, तरी पुन्हा उभी राहते. काही करायचं मनाशी ठरवलं, की तिचा एक डोळा रंगवायचा आणि ते पार पडलं, की दुसरा. परीक्षेच्या दिवसांत तिला भलता भाव असतो.

त्यांनी नेलं झेन, आपण घेतला चहा

एइसाइविषयी सांगायचं राहिलं होतं. ११९१ साली तो चीनहून परतला, तेव्हा त्यानं बरोबर चहाच्या बिया आणल्या. १२११ साली त्यानं चहाच्या गुणांवर पुस्तकही लिहिलं. ध्यानाला बसलं की डुलकी येते, हा अनुभव जगभर सारखाच. त्यावर चहा हा चांगला उतारा! त्यामुळे जपानमध्ये झेन आणि चहा यांची जोडी जमली ती जमलीच.

आता 'चहा' हा शब्द कुठला? तो आहे चिनी. चीनच्या मोठ्या भागात त्याला 'छा' म्हणतात आणि जपानमध्ये 'चा'. जमिनीच्या वाटेनं तो इराणकडे गेला आणि फारसीत 'चाय' झाला. आपल्याकडे झाला 'चहा'. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीत मात्र त्याला 'ते' म्हणत. तिथून डच व्यापाऱ्यांनी तो जहाजातून युरोपात नेला, म्हणून इंग्रजांचा झाला 'टी'. कोणत्या देशात काय म्हणतात यावरून चहा तिथं कोणत्या वाटेनं पोचला, याचा अंदाज लागतो.

तेव्हा हिशेब कसा झाला पाहा. ध्यान इकडून तिकडे गेलं, चहा तिकडून इकडे आला. "सगळं जगात आपल्याकडूनच गेलं" असं म्हणत कुणी छाती फुगवू लागलं, तर त्याच्या हातात शांतपणे चहाचा कप द्यावा!

आपल्याकडे काय झालं?

शब्द परदेशात फिरत होता, तेव्हा तो घरीही स्वस्थ बसला नव्हता. पूजेत ज्या देवाचं ध्यान करायचं, त्याचं रूप डोळ्यांपुढे आणतात. कमरेवर हात, गळ्यात हार, डोक्यावर मुकुट. हळूहळू त्या रूपालाच 'ध्यान' म्हणू लागले. म्हणजे 'पाहत राहावं असं रूप'. मग कुणा मिस्कील माणसानं वेंधळ्या, गबाळ्या माणसाकडे बघून तोच शब्द उलटा वापरला, "काय पण ध्यान!" लोकांना तो आवडला आणि मराठीत कायमचा राहिला. तेव्हा ताई तुम्हाला 'ध्यान' म्हणाली, तर रागावू नका. शब्द मूळचा देवाच्या मूर्तीवरून आलाय!

दुसरी गंमत 'बकध्यान' या शब्दाची. निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला गेलात तर पाहा, बगळा पाण्यात एका पायावर कसा निश्चल उभा असतो. वाटतं, केवढा मोठा साधू! पण मासा जवळ आला रे आला, की चोच खाली. वरून साळसूद, आतून दुसराच बेत, त्याला म्हणायचं बकध्यान.

आणि शाळेत निबंधाला हमखास येणारा विषय, 'माझे ध्येय'. 'ध्येय' हा ध्यानाचा सख्खा भाऊ. ज्याचं ध्यान करायचं, ज्यावर मन ठेवायचं, ते ध्येय. "मला डॉक्टर व्हायचंय" असं नुसतं लिहिलं म्हणजे ते ध्येय होत नाही. मन त्यावर राहिलं, तर होतं.

चुकीचा उच्चार कुणाचा?

आता मला जे मुख्य सांगायचं आहे, त्याकडे येते.

नाशिक जिल्ह्यात किती बोली आहेत! बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणी, डांगी. त्या भागातली मुलं शहरातल्या शाळेत येतात. एखादी मुलगी 'पाणी'ला 'पानी' म्हणते. एखादा मुलगा 'शाळा'ऐवजी 'शाया' म्हणतो. कुणी 'संध्याकाळी' न म्हणता 'सांजच्याला' म्हणतं. आणि मागच्या बाकांवरून खुदकन हसू येतं. ज्याला हसले, तो पोरगा मग आठवडाभर हात वर करत नाही. उत्तर येत असतं, तरी गप्प बसतो. असं गप्प झालेलं मूल आम्हा शिक्षकांना ओळखू येतं आणि फार वाईट वाटतं.

म्हणून सांगते. 'सांज' हा शब्द ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं 'झान' आला. कुणी हटवादी पंडित त्या काळच्या लोकांना म्हणाला असता, "झान काय झान? शुद्ध बोला, ध्यान म्हणा, नाहीतर तोंड बंद ठेवा!" आणि लोकांनी खरंच तोंड बंद ठेवलं असतं तर? 'झान' चीनला गेलं नसतं, 'छान' झालं नसतं, 'झेन' झालं नसतं. चिनी माणसाला 'झान' नीट म्हणता आलं नाही आणि जपानी माणसाला चिनी उच्चार नीट म्हणता आला नाही. तरी शब्द थांबला नाही. ज्याच्या त्याच्या जिभेला जमेल तसा तो होत गेला आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या लोकांचा झाला.

याचा अर्थ शुद्धलेखनाच्या वहीत काहीही लिहावं असा नाही हं! पेपरात आणि पुस्तकात लिहायची एक ठरलेली भाषा असते. ती सगळ्यांना कळावी म्हणून असते आणि ती शिकायलाच हवी. पण घरची बोली म्हणजे चूक नव्हे. ती आपल्या आजी-पणजीनं हजार-दोन हजार वर्षं चालत आणलेली वाट आहे. तिला हसणं म्हणजे पांडवलेण्यांच्या दगडावरचा लेख खरवडून काढण्यासारखं आहे.

पालकांनाही एक विनंती. गावाहून आजी-आजोबा आले, की त्यांच्या तोंडचा एखादा वेगळा शब्द मुलांसमोर दुरुस्त करू नका. उलट तो मुलांकडून एका वहीत लिहून घ्या. काय सांगावं, त्यातला एखादा कुठल्या लेण्यात कोरलेला असेल! 'लेणं' हाच शब्द घ्या ना. उषवदातानं आपला एक लेख संस्कृताच्या वळणानं लिहवून घेतला. पण गुहेसाठी शब्द आला, तेव्हा त्यातही लोकांच्या तोंडचाच आला, 'लेण'.

चौकट : ओळखा पाहू!

आपल्याकडून चीनमार्गे जपानला गेलेले आणखी काही शब्द खाली दिले आहेत. मूळ शब्द ओळखा. उत्तरं चौकटीच्या शेवटी आहेत, पण आधी पाहायची नाहीत!

१. एम्मा – मेलेल्या माणसांचा न्याय करणारा राजा.

२. नाराकु – फार खोल, अंधारी जागा. जपानी नाटकाच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही हेच नाव आहे.

३. सेत्सुना – अगदी इवलासा वेळ. डोळ्याचं पातं लवायला लागतो, त्याहूनही कमी.

४. बिकु – मठात राहणारा साधू.

५. दान्ना – मालक, धनी. जपानी बायका नवऱ्याचा उल्लेख करतानाही हा शब्द वापरतात. (खूण : उषवदातानं लेण्यांसाठी काय दिलं?)

उत्तरं : १. यम. २. नरक. ३. क्षण. ४. भिक्खू. ५. दान. आधी दान, मग दान देणारा, मग पोसणारा मालक आणि शेवटी नवरा! आपल्याकडेही जुन्या बायका नवऱ्याला 'आमचे धनी' म्हणतातच की.

या आठवड्यात एवढं करा

वहीच्या मागच्या पानावर पाच शब्द लिहा : दप्तर, बटाटा, पाव, चावी, सांज. यातला एक फारसीतून आलाय, तीन पोर्तुगिजांबरोबर आलेत आणि एक संस्कृतातून प्राकृतात झिजत झिजत आलाय. कोणता कुठला, ते घरच्यांच्या मदतीनं शोधा. मग आजी-आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यांचा एक असा शब्द मिळवा, जो तुमच्या पुस्तकात नाही. तो कसा म्हणतात ते नीट ऐका आणि ऐकलं तसाच लिहून ठेवा.

ऐकताना मात्र ध्यान तिकडेच असू द्या!